टूलबारच्या बटणांवर लूप फिरवून टूलटिप कशी लावावी?

अर्धविराम:
सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजवरचे डेस्कटॉप फॉर्म बनवायची लायब्ररी), डॉट नेट फ्रेमवर्क ४.७.२. फॉर्मवर दोन टूलस्ट्रिप (विनफॉर्म्समधला टूलबार), मिळून चाळीसेक बटणं. त्यात काही ड्रॉपडाउन आणि एक कॉम्बोबॉक्स. टूलटिपचा (माउस नेला की दिसणाऱ्या छोट्या सूचनेचा) मजकूर रिसोर्स फाइलमध्ये बटणाच्या नावाने ठेवलाय, फॉर्म लोड होताना लूपने लावायचाय. कंट्रोल्सवर रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन फिरवलं तर टूलस्ट्रिप सापडते, पण तिच्या पोटातलं एकही बटण हाती लागत नाही. टूलटिप कंपोनंटच्या सेटटूलटिप मेथडला बटण दिलं तर कंपायलरच अडवतो. शिवाय टूलटिप पाच सेकंदांत जाते, ती जास्त वेळ हवी आहे. काय सुचवाल?

नलपॉइंटर:
टूलस्ट्रिपवरचं बटण 'कंट्रोल' नसतंच, सगळी गोम तिथेच आहे. ते टूलस्ट्रिपआयटम, म्हणजे कंपोनंटचा वारस; त्याला स्वतःची विंडो नाही. सेटटूलटिपला कंट्रोल लागतो, म्हणून कंपायलर अडवतो. इथे टूलटिप कंपोनंट लागतच नाही. प्रत्येक आयटमला टूलटिपटेक्स्ट ही प्रॉपर्टी आहे, तीच भरा.

रिकर्शन तसंच ठेवा. कंट्रोल टूलस्ट्रिप निघाला की त्याच्या आयटम्सवर दुसरं फंक्शन फिरवा. आयटम टूलस्ट्रिपड्रॉपडाउनआयटम असेल तर त्याच्या ड्रॉपडाउनआयटम्सवर तेच फंक्शन पुन्हा. आधी हॅजड्रॉपडाउनआयटम्स तपासा, नाहीतर नुसतं विचारल्यानेही रिकामा ड्रॉपडाउन तयार होतो.

लूपमध्ये व्हेरिएबलचा टाइप टूलस्ट्रिपबटन लिहू नका. पहिला सेपरेटर (बटणांमधली उभी रेघ) आला की इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन. टूलस्ट्रिपआयटम लिहा, किंवा फक्त बटणंच हवी असतील तर ऑफटाइपने गाळून घ्या.

कंसातला:
वरच्यात भर. मेन्यूस्ट्रिप आणि स्टेटसस्ट्रिपही टूलस्ट्रिपच्याच वारस, त्यामुळे त्याच तपासणीत सापडतील. पण त्यांची शोआयटमटूलटिप्स (आयटमच्या टूलटिप दाखवायच्या की नाही ते ठरवणारी प्रॉपर्टी) मुळात फॉल्स असते. मजकूर भरूनही काही दिसलं नाही तर आधी तिथे बघा. कॉन्टेक्स्टमेन्यूस्ट्रिप (राइट-क्लिकचा मेन्यू) फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये नसते, ती फंक्शनला वेगळी द्यावी लागेल.

रिसोर्समध्ये नाव नसलेल्या बटणावर त्याचा टेक्स्टच टूलटिप म्हणून दिसेल, कारण बटणाची ऑटोटूलटिप ट्रू असते. तिथे काहीच नको असेल तर ती फॉल्स करा.

एखादं बटण दिसतंय का हे लोड होताना व्हिजिबलवरून ठरवू नका. टूलस्ट्रिप स्वतः दिसत नसेल तर ते फॉल्सच सांगतं. अव्हेलेबल तपासा.

अर्धविराम:
चाललं! सेपरेटरवरच अडकलो होतो. आता वेळेचं? आणि काही बटणं एका टूलस्ट्रिपवरून दुसरीवर हलवतो, तिथे फॉरईच मध्येच एक्सेप्शन फेकतो.

नलपॉइंटर:
आयटम एका वेळी एकाच टूलस्ट्रिपचा असतो. दुसरीत अ‍ॅड केला की पहिलीतून आपोआप निघतो, म्हणजे ज्या यादीवर फिरताय तीच बदलते. आधी हलवायच्या आयटम्सचा अ‍ॅरे काढून घ्या आणि त्यावर फिरा. सगळीच बटणं हलवायची असतील तर काउंट शून्य होईपर्यंत पहिला आयटम उचलत राहा.

वेळेचं जरा किचकट. टूलस्ट्रिप आतल्या आत स्वतःची टूलटिप वापरते आणि तिचा ऑटोपॉपडिले (टूलटिप किती वेळ राहते ते) बाहेरून बदलता येत नाही. मग शोआयटमटूलटिप्स बंद करायची, फॉर्मसाठी एकच टूलटिप ठेवायची (लूपमध्ये दर बटणाला नवी नको), आणि आयटमच्या माउसहोव्हरवर शो, माउसलीव्हवर हाइड. शोला वेळ मिलिसेकंदांत द्या, १२००० पुरे. जागा म्हणून आयटमच्या बाउंड्सची डावी कड आणि खालची कड अधिक २ पिक्सेल. नाहीतर टूलटिप पॉइंटरखाली आली की माउसलीव्ह होतो, ती जाते, परत येते, नुसती लुकलुकत राहते. शोला कंट्रोल म्हणून ओनर (आयटम ज्या टूलस्ट्रिपचा आहे ती) देऊ नका, गेटकरंटपेरंट (तो सध्या जिथे दिसतो ती) द्या. बटण ओव्हरफ्लोमध्ये (जागा न पुरल्यास टोकाला उघडणाऱ्या यादीत) गेलं की ओनर तोच राहतो पण बाउंड्स ओव्हरफ्लोच्या असतात.

कंसातला:
यात एक तोटा आहे. टूलस्ट्रिपची स्वतःची टूलटिप डिसेबल्ड, म्हणजे करड्या बटणावरही दिसते. हाताने केलेल्या व्यवस्थेत मात्र डिसेबल्ड आयटमचा माउसहोव्हर येतच नाही. 'हे बटण का बंद आहे' हे टूलटिपमध्ये सांगत असाल तर पाच सेकंदांवरच समाधान माना आणि मजकूर छोटा करा.