गालापागोस : १६ जणांची यॉट आणि आपलं घर. तुमचे अनुभव लिहा

आम्ही मे महिन्यात जाऊन आलो. सात रात्री, १६ प्रवाशांची यॉट, आणि त्यात आम्ही पाच जण : मी, नवरा, १४ वर्षांची लेक, ९ वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ७१. परतल्यापासून ओळखीतल्या तीन घरांनी मला एकच प्रश्न विचारलाय, एवढ्याशा बोटीवर म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना न्यावं का? माझ्यापुरतं मी सांगेन. पण एका घराच्या भरवशावर कुणी एवढा खर्च करू नये, म्हणून तुम्हा सगळ्यांना बोलावणं. बेटांची यादी कुठेही मिळते. त्या आठवड्यात घरातली माणसं कशी राहिली, ते लिहा.

ज्यांनी अजून काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण १,००० किलोमीटरवर, पॅसिफिकमध्ये आहेत. १९५९ पासून इथलं राष्ट्रीय उद्यान आहे आणि जवळजवळ ९७ टक्के जमीन त्यातच येते. १०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला इथे फिरण्याची परवानगीच नाही. एका गाईडमागे १६ माणसं, म्हणून बहुतेक यॉटही १६ जणांच्याच. कुठल्या दिवशी कुठे उतरायचं हे उद्यान ठरवून देतं, कप्तानाच्या हातात ते नसतं. शिवाय एका बोटीला १४ दिवसांच्या आत त्याच जागी परत जाता येत नाही. त्यामुळे एका आठवड्यात सगळी बेटं होत नाहीत. बोट किती छान आहे हे बघण्याआधी तिचा मार्ग बघा, हे मी दहा वेळा सांगेन.

दिवस असा असतो : पहाटे सहाच्या सुमारास घंटा, नाश्ता, मग रबरी होडीतून बेटावर. त्या होडीला तिथे 'पंगा' म्हणतात. आमच्या मुलाला हा शब्द इतका आवडला, की "चला पंगा घेऊ" हे आठवडाभर चाललं होतं. दुपारी पाण्यात, चारनंतर पुन्हा बेट, सूर्यास्ताच्या आत परत. जेवणाआधी गाईड उद्याचा बेत समजावून सांगतो आणि रात्री आपण झोपलेलो असताना बोट पुढच्या बेटाकडे निघते.

आईचं सांगते. एस्पान्योला बेटावर पुंता सुआरेझची वाट म्हणजे नुसते गोल धोंडे. गाईडचा हात धरून ती कड्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. एप्रिल ते डिसेंबर तिथे अल्बट्रॉस असतात. इतका मोठा पक्षी, पण त्याला जागच्या जागी उडता येत नाही. तो डुलत डुलत कड्यापर्यंत पळत जातो आणि स्वतःला वाऱ्यावर झोकून देतो. आई मात्र उडणाऱ्यांकडे बघतच नव्हती. एक मादी की नर, कळत नाही, अंड्यावर बसला होता. गाईड म्हणाला, जोडीतला दुसरा पार पेरूच्या किनाऱ्यापर्यंत मासे शोधायला जातो, मग पाळी बदलते. आईने विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?" गाईडने खरं ते सांगितलं, की मग काही दिवसांनी हाही उठून जातो, पोटासाठी. आई तिथून अर्धा तास हलली नाही. मोठ्या जहाजावर एकामागून एक गट पुढे सरकत असताना हा अर्धा तास तिला मिळाला असता असं मला वाटत नाही. आम्ही सोळाच होतो, दुसऱ्या घरातले लोकही तिच्या आजूबाजूला शांत बसून राहिले.

आता तुम्ही लिहा.

ऑगस्टमध्ये गेलेली

ताई, तुम्ही मे निवडलात, शहाणपणा केलात. आम्ही मुलांच्या सुट्टीमुळे ऑगस्टमध्ये गेलो. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथला समुद्र सगळ्यात खवळलेला असतो. पहिल्या रात्री माझ्या नवऱ्याला आणि धाकट्याला बोट लागली ती दोन दिवस. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन मागावी. वरची केबिन फोटोत सुंदर दिसते, पण हेलकावा तिथेच जास्त. गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर ती काही करत नाही. डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा, मुलांचं तर नक्कीच. दोन सांगाड्यांची कॅटामरान कमी डोलते, पुढच्या वेळी मी तीच घेईन.

एवढं सोसूनही ऑगस्टबद्दल एक चांगलं सांगते. पाणी थंड असतं म्हणूनच त्यात खाणं भरपूर असतं, आणि खाणं असतं म्हणून प्राणी असतात. पश्चिमेला इसाबेला आणि फर्नांदिनाच्या मधल्या बोलिव्हार सामुद्रधुनीत खोल समुद्रातला थंड प्रवाह वर येतो. विषुववृत्तावर पेंग्विन राहतात ते त्याच्या जोरावर. इसाबेलाच्या पुंता व्हिसेंते रोकाला माझी ११ वर्षांची मुलगी पंगाच्या काठावर बसून रडत होती, पाण्यात उतरायचं नाही म्हणून. कुणी तिला ढकललं नाही, समजूतही घातली नाही. होडीवाला फक्त म्हणाला, काठाला धरून तोंड तेवढं पाण्यात घाल. तिने घातलं. तीस-चाळीस सेकंद गेले. वर आली ती म्हणाली, "आई, खाली कासवं आहेत. खूप आहेत. तू गप्प बस आणि ये."

जाड वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, बोटीवर भाड्याने मिळतो. मुलांच्या मापाचा आहे का, हे आधी लिहून विचारा. आमच्या बोटीवर नव्हता, मुलीला मोठ्या बाईचा घालावा लागला आणि त्यात पाणी शिरत राहिलं.

बाबांना घेऊन गेलेला मुलगा

बाबा ७६ वर्षांचे, एक गुडघा बदललेला. मला भीती होती ती बोटीतून पंगात आणि पंगातून खडकावर उतरण्याची. तिथे खलाशी पंजा धरत नाहीत, तर मनगटाच्या वर एकमेकांचा हात घट्ट पकडतात, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची असते. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. कोरडं उतरणं म्हणजे थेट खडकावर किंवा धक्क्यावर, ओलं उतरणं म्हणजे गुडघाभर पाण्यात पाय टाकून वाळूवर. सगळ्यांना वाटतं कोरडं सोपं. बाबांना ओलं सोपं गेलं, कारण वाळू घसरत नाही आणि पाणी आधार देतं.

बार्तोलोमे बेटावर माथ्यापर्यंत ३७० हून जास्त लाकडी पायऱ्या आहेत. बाबा म्हणाले, "तुम्ही जा, मी डेकवर बसतो." मला अपराधी वाटत होतं. वरून सगळ्यांना आवडणारा तो सुळका, दोन्ही बाजूंच्या पुळणी, सगळं पाहिलं, पण लक्ष खाली नांगरलेल्या आमच्या बोटीकडे. परत आलो तर बाबा आचाऱ्याबरोबर बसून हिरव्या केळ्यांचे काप ठेचत होते. एकाला मराठी-हिंदी, दुसऱ्याला स्पॅनिश, भाषेचा पत्ता नाही. पण आचाऱ्याच्या तीन मुलींची नावं आणि वयं बाबांना पाठ झाली होती. ते तळलेले काप, म्हणजे पाताकोनेस, त्या दिवशी बाबांनी सगळ्या टेबलांवर स्वतः वाढले. ४० वर्षं नोकरीत लोकांवर हुकूम सोडलेला माणूस तो. घरी त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. बोटीवर सात-आठच कर्मचारी असतात, तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना सगळ्यांची नावं येतात. मी जास्त पैसे भरले ते मऊ गादीसाठी, पण किंमत वसूल झाली ती इथे.

पाच वर्षांच्या मुलाची आई

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला नेऊ नका. काही बोटी घेतात, आमच्या बोटीने घेतलं. पण त्या पोराने करायचं काय? पायवाट सोडायची नाही, पळायचं नाही, काही उचलायचं नाही, बेटावर खाऊ न्यायचा नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. नियम योग्यच आहेत, ते पाळले जातात म्हणून तर तिथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की ते पाच वर्षांच्या जिवाला झेपत नाहीत.

एस्पान्योलाच्या गार्डनर बे किनाऱ्यावर समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून माझ्या मुलाकडे सरकत आलं. तो हात पुढे करणार तेवढ्यात गाईडने त्याला मागे घेतलं. आई पिल्लाला वासावरून ओळखते, तो वास बदलायला नको, म्हणून. "पण तेच आलं ना माझ्याकडे!" म्हणून तो जो रडला, ते थांबेना. मला दोघांचंही पटत होतं, आणि ते फार अवघड होतं.

तो आता आठ वर्षांचा आहे. आम्ही पुन्हा पैसे साठवतोय.

मुलगी, वय १७

आईने सांगितलं लिही, म्हणून लिहितेय, पण मला लिहायचंही होतं. आम्ही उत्तरेला हेनोव्हेसा बेटाला गेलो होतो. ते विषुववृत्ताच्या पलीकडे आहे, त्यामुळे रात्रीच्या प्रवासात रेषा ओलांडावी लागते. कप्तान म्हणाले होते ज्यांना बघायचंय त्यांना उठवतो. साडेबाराला दारावर टकटक झाली. बाबा, मी आणि दादा सुकाणूच्या खोलीत गेलो. बाकी सगळं अंधारात, फक्त पडद्यावर अक्षांशाचे आकडे कमी कमी होत चाललेले. सगळे शून्य झाले तेव्हा कप्तानांनी भोंगा वाजवला नाही, कारण लोक झोपले होते. त्यांनी फक्त बाबांशी हात मिळवला, मग माझ्याशी, मग दादाशी.

नंतर आम्ही बाहेर डेकवर बसलो. बोटीच्या उजेडात पांढरे पक्षी आमच्याबरोबर उडत होते. ते दुभंगलेल्या शेपटीचे गल, रात्री शिकार करणारे. दादा परदेशी शिकायला जाणार होता आणि घरात त्यावरून सहा महिने धुसफुस चालू होती. बाबांनी तिथे त्याला विचारलं, तुझी खोली कशी असेल तिथे? एवढंच. दादाने उत्तर द्यायला पाऊण तास घेतला. मी मध्ये काही बोलले नाही.

दोन भावांची कुटुंबं

आम्ही १४ जण होतो, म्हणून अख्खी यॉटच घेतली. लिहायचं ते केबिनबद्दल. बुकिंग करून देणाऱ्याने 'फॅमिली केबिन' सांगितलं होतं, प्रत्यक्षात एकावर एक बर्थ निघाले, आणि तेही माझ्या भाऊ-वहिनींच्या वाट्याला. खालच्या मजल्याला गोल झरोके, वरच्याला मोठ्या खिडक्या. पहिल्या संध्याकाळी बोलणं बंद होण्याची वेळ आली होती. शेवटी आमच्या आईने चिठ्ठ्या टाकल्या आणि स्वतःला बर्थ आल्यावर वरच्या बर्थवर नातीला घेऊन झोपली. मग कोण काय बोलणार? पैसे भरण्याआधी बोटीचा नकाशा मागवा. कुठल्या केबिनमध्ये कुठला पलंग, त्याची रुंदी किती, हे लेखी घ्या.

फर्नांदिनाला काळ्या लाव्हावर शेकडो समुद्री इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, एकमेकांवर पडून ऊन खात होते आणि नाकातून मिठाचं पाणी उडवत होते. गाईडने मुलांना सांगितलं, की १८३५ साली डार्विन या बेटांवर आला तेव्हा त्याने एका इग्वानाला पुन्हा पुन्हा समुद्रात फेकलं, आणि तो दर वेळी होता तिथेच परत आला. पुतण्याने लगेच विचारलं, "त्याला दोन मीटरचा नियम नव्हता का?" गाईड म्हणाला, "नव्हता. तुला आहे, म्हणून तुझ्या मुलांना हे दिसेल."

(धागा सुरू करणारी पुन्हा)

खर्चाचं तिघांनी विचारलंय. यॉटच्या पैशाशिवाय दोन गोष्टी धरा. इक्वेडोरमधून विमानात बसण्याआधी २० डॉलरचं प्रवास कार्ड, आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना ते २०० डॉलर आहे, १२ वर्षांखालच्या मुलांना १००. यॉटच्या किमतीत हे धरलंय का, विचारून घ्या. सामानाची तपासणी होते, फळं, बिया, माती चालत नाही. बुटांचे तळवे घासून न्या. बोटीवर बूट दाराशी पेटीत राहतात आणि आठवडाभर सगळे अनवाणी. आईला याचं फार बरं वाटलं, म्हणाली, "चला, घरात आल्यासारखं झालं."

फ्लोरिआनाचं टपाल

आमचा अनुभव बोटीवरचा कमी आणि घरी आल्यावरचा जास्त. फ्लोरिआना बेटावर पोस्ट ऑफिस बे आहे. तिथे खांबावर एक लाकडी पिंप. अठराव्या शतकाच्या शेवटापासून देवमासे मारणारी गलबतं त्यात पत्रं टाकत आणि घराकडे निघालेलं गलबत ती उचलून नेत असे. आजही तिकीट नाही. आपलं कार्ड टाकायचं आणि आपल्या गावच्या पत्त्याचं एखादं सापडलं तर ते घेऊन स्वतः पोचवायचं.

सगळा गठ्ठा आम्ही वाळूत बसून चाळला. दुसऱ्या घरातले लोक पत्ते मोठ्याने वाचत होते. ५० एक कार्डांनंतर माझ्या बायकोने एक उचललं. आमच्यापासून वीस मिनिटांवरचा पत्ता, लहान मुलाचं अक्षर, दोन वर्षांपूर्वीची तारीख.

दोनदा गेलो तर कुलूप. तिसऱ्या खेपेला दार उघडलं एका १४-१५ वर्षांच्या मुलाने, ओठांवर मिसरूड फुटलेली. कार्ड हातात दिलं. त्याने ते स्वतःलाच लिहिलं होतं. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "काका, यात लिहिलंय की मला शार्क दिसला. पण मला तर आठवतंय, तो दादाला दिसला होता."

आतून आवाज आला, "मलाच दिसला होता!"