स्की बोटीच्या बुडावर ट्रेलरचे पट्टे उठलेत, कसे थांबवायचे?

लॅनियरकाठ

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लेक लॅनियर तलावावर २० फुटी इनबोर्ड (इंजिन आत असलेली) स्की बोट आहे. मोसमात आठवड्याला एकदा पाण्यात, एरवी ट्रेलरवर. ट्रेलरला कार्पेट लावलेले दोन लाकडी बंक (बोट ज्यांवर टेकते त्या लांब फळ्या), प्रत्येकी १२ फूट, २×६ च्या फळीचे. बोट निळी, मेटलफ्लेक (चमकी असलेल्या) जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थराची.

बंक जिथे टेकतात तिथे बुडावर दोन्ही बाजूंना लांब भुरकट पट्टे उठलेत, मागच्या तीन फुटांत जास्त. डाव्या पट्ट्यात चार-पाच सरळ ओरखडे आहेत. उजवीकडे मागच्या बाजूला नाण्याएवढी एक गोल खूण. हे कशाने होतं? कार्पेट काढून प्लास्टिकच्या पट्ट्या लावाव्यात का? आणि कार्पेटवर सिलिकॉन स्प्रे मारावा असं सुचवलं गेलंय, ते योग्य आहे का?

फायबरवाला

आधी पट्ट्यावर आडवं नख फिरवून बघा. नख कुठेच अडकलं नाही तर जेलकोट नुसता निस्तेज झालाय, पॉलिशने परत येईल. अडकलं तर ओरखडा आत गेलाय. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, दरवर्षी कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारत बसलात तर तो संपतो. मेटलफ्लेकमध्ये चमकीवर पारदर्शक जेलकोटचा थर असतो. घासत घासत चमकीपर्यंत पोचलात की तो भाग नव्याने फवारल्याशिवाय इलाज नाही.

आता कारण. दोष वजनाचा नाही. बोट १,४०० किलोची धरा. तुमच्या दोन्ही बंकांची टेकायची जागा मिळून साधारण एक चौरस मीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १४० ग्रॅम. एवढ्याने जेलकोटला काही होत नाही. घासते ती कार्पेटमध्ये बसलेली माती. तुमच्याकडच्या लाल मातीत क्वार्ट्झची कच असते. कार्पेट ओलं असताना ती तंतूंच्या बुडाशी जाऊन बसते आणि मग कार्पेटचा वॉटर पेपर होतो. त्यावर बोट हलली की घासलीच. त्यामुळे कार्पेटमधले कण आणि बोटीची हालचाल, या दोन्हींचा बंदोबस्त करा.

ओरखड्यांवरून ते कुठे पडले ते कळतं. बोटीच्या लांबीच्या दिशेने सरळ गेलेले ओरखडे चढवता-उतरवताना पडलेले असतात. भुरकटपणा म्हणजे आखूड, सगळ्या दिशांच्या हजारो बारीक रेघा, त्या हायवेवर बोट थरथरते तेव्हा पडतात. तुमचा भुरकटपणा मागे जास्त आहे, कारण नाक विंचच्या (ट्रेलरवरच्या ओढायच्या चरखीच्या) पट्ट्याने धरलेलं असतं आणि ट्रान्समचे (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीचे) पट्टे सैल असले की मागचा भाग उडत राहतो. ती गोल खूण मात्र बोल्टच्या डोक्याची वाटते. कार्पेटवरून हात दाबत न्या, बोटाला लागेल.

सिलिकॉन नको. ते बुडाला लागतं, आणि पुढे तिथे जेलकोट दुरुस्त करायची वेळ आली की नवा थर धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. शिवाय बंक गुळगुळीत झाल्यावर रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) विंचचा पट्टा लवकर सोडलात तर बोट सिमेंटवर येते. प्लास्टिकच्या पट्ट्यांनाही हाच धोका आहे. त्या कडक असल्यामुळे वाळूचा कण आत दबत नाही, तो बुडालाच रेघ मारतो. मासेमारीच्या ॲल्युमिनियम बोटीला त्या ठीक, चमकदार जेलकोटला मी कधीच सुचवणार नाही. बदलच हवा असेल तर रेषारेषांचं जाड व्हिनाइल कव्हर घ्या. त्यात पाणी साठत नाही, माती पाइपने धुऊन जाते.

बोट आठवडाभर ओल्या कार्पेटवर बसून राहणं हेही वाईट. जेलकोटमधून ओल आत जाते आणि काही मोसमांनी नेमक्या बंकाच्या रेषेत मुगाएवढे फोड येतात. घरी आल्यावर ड्रेन प्लग (बुडातलं पाणी सोडायचं बूच) काढा, ट्रेलरचं नाक थोडं वर ठेवा आणि खालून वारा लागू द्या.

रंधा आणि पटाशी

कार्पेट किती जुनं आहे ते लिहिलेलं नाही, पण दाबल्यावर तंतू परत उभे राहत नसतील तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

बोट धक्क्याला बांधून ट्रेलर रिकामा आणा. दोन्ही बंक एकदम काढू नका, एक जागेवर असला की दुसऱ्याची उंची आणि कोन जुळवायला आधार राहतो. बोल्ट ब्रॅकेटच्या (फळी धरणाऱ्या धातूच्या आधाराच्या) कोणत्या भोकात होता तिथे मार्करने खूण करा.

२×६ ची फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. वरची बाजू आणि दोन्ही कडा मिळून साडेआठ इंच. १२ इंच रुंदीचं पॉलिप्रॉपिलीनचं मरीन कार्पेट घेतलंत तर खाली दोन्हीकडून पावणेदोन इंच वळतं आणि मध्ये दोन इंचांची फट उरते. ती झाकू नका, पाणी तिथूनच निघतं. टोकं दुमडायला धरून प्रत्येक बंकाला १३ फूट, एकूण २६ फूट कार्पेट लागेल.

स्टेपल स्टेनलेसच्याच, आणि फक्त खालच्या बाजूला, दर दोन इंचांवर. वरच्या किंवा कडेच्या बाजूला एकही नको. साधी लोखंडी स्टेपल गंजते, तिचा एक पाय तुटतो आणि दुसरा कुसळासारखा उभा राहतो. तुमच्या डाव्या बाजूचे चार-पाच सरळ ओरखडे बहुधा तिचेच आहेत.

फळी खालून ५/१६ इंच जाड, सव्वा इंच लांब स्टेनलेस लॅग स्क्रूने धरा. दीड इंचाच्या फळीत त्याचं टोक वर येत नाही. दोन इंची लावलात तर वर येईल. आरपार बोल्टच असेल तर त्याचं डोकं निदान पाव इंच आत बुडेल असा खळगा पाडा. फळी दाबाखाली औषध भरलेल्या पाइनची असेल तर ती आधी पूर्ण सुकू द्या, नाहीतर बसवल्यावर पिळते. त्या औषधात तांबं असतं. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असतील तर मध्ये रबराची पट्टी घाला, नाहीतर ब्रॅकेट खाऊन टाकतं.

जुनी फळी परत लावणार असाल तर आधी आरीने टोचून बघा. सहज आत गेली तर फळीही बदला.

शेवटी खडूची परीक्षा. कोरड्या कार्पेटवर सुताराचा निळा खडू चोळा, बोट मरीनाच्या क्रेनने किंवा लिफ्टने कोरडी उतरवा, पुन्हा उचला आणि बुडावर खडू कुठे उमटला ते बघा. बोट निळी असल्याने तुम्ही पांढरा खडू घ्या. सलग पट्टा उमटला पाहिजे. बंक बुडावरच्या उभ्या कडांवर, पाणी खेचायच्या तोंडावर किंवा वेगमापकाच्या नळीवर टेकता कामा नये.

उताराचा माणूस

वरचं सगळं केलं आणि रॅम्पवर घाई केली तर पट्टे पुन्हा उठतील.

बोट चढवण्याआधी रिकामा ट्रेलर पूर्ण बुडवा, म्हणजे कार्पेट भिजेल आणि सुटी माती निघेल. मग फेंडरचा (ट्रेलरच्या चाकावरच्या झाकणाचा) वरचा काठ पाण्याखाली दोन-तीन इंच राहील इतका बाहेर घ्या. तीव्र उताराच्या रॅम्पवर याहून कमी, कारण तिथे ट्रेलरचं मागचं टोक आधीच खोल असतं. जास्त बुडवलंत तर बोटीचा मागचा भाग तरंगत राहतो आणि सगळा भार पुढे बंकाच्या टोकावर येतो.

बोट स्वतःच्या वजनाने नाकाच्या रबरी टेक्यापासून फूटभर अलीकडे थांबली तर पाणी बरोबर आहे. उरलेलं विंचने ओढा. इंजिनच्या जोरावर वर चढवू नका. प्रॉपेलरच्या झोताने रॅम्पच्या शेवटी खड्डा पडतो, म्हणून कित्येक रॅम्पवर त्याला मनाईच आहे.

बाहेर काढल्यावर बोट बंकांवर बसते आणि नाक टेक्यापासून इंच-दोन इंच सुटतं. इथेच बहुतेकांची चूक होते: कोरड्यात विंच फिरवून बोट पुढे ओढतात. दीड टन बोट दोन इंच घासली जाते, दर वेळी त्याच जागी. परत थोडं पाण्यात न्या आणि मग ओढा.

ट्रान्समला दोन रॅचेट पट्टे लावा, ट्रेलरच्या स्प्रिंगा किंचित दबतील इतके आवळा. १५-२० किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, ओले पट्टे ताणले जातात. पट्टा लावताना एक पीळ द्या, मग तो वाऱ्यावर फडफडून बाजूच्या जेलकोटला मारत नाही. बोटीवर कव्हर घालून हायवेवर जात असाल तर आधी बोट पुसा, नाहीतर कव्हरखालची धूळ कोपऱ्यांवर असेच भुरकट डाग पाडते. गाडीला मागे मडफ्लॅप नसतील तर लावून घ्या, नाकाखालचे खड्यांचे टवके तिथूनच येतात.

लॅनियरकाठ

गोल खुणेच्या जागी बोल्टचं डोकं वर आलेलं आहे, आणि तीन स्टेपल उभ्या आहेत. मरीनात खडूचा प्रयोग केला. उजव्या बंकाच्या मागच्या १८ इंचांत खडू उमटलाच नाही. आता?

रंधा आणि पटाशी

तिथे बूड अधांतरी आहे, त्यामुळे तो भार त्याच्या पुढच्या भागावर येतोय. बोल्टची खूण तिथेच असेल. बोट खाली असताना मागचा ब्रॅकेट अर्धा इंच वर घ्या. त्याच्या वरच्या कड्यांचे बोल्ट सैल ठेवा, बोट चढवा, फळी बुडाच्या उताराला आपोआप बसेल, मग बोल्ट आवळा. पुन्हा खडू लावून बघा. बंक ट्रान्समच्या काठापर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर कालांतराने बुडाला मागे बाक येतो आणि बोट पाण्यावर सरळ धावत नाही.

फायबरवाला

बंक दुरुस्त झाल्यावरच पॉलिशला हात घाला. आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन बूड धुवा, ट्रेलरच्या गॅल्व्हनाइज्ड भागावर सांडलं तर लगेच धुऊन टाका. मग वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश लावून बघा. चमक आली तर वॉटर पेपर हातात घेऊ नका. नाही आली तर हाताने, पाण्यासोबत, २००० नंबरचा, फक्त ओरखड्यांपुरता. मग कंपाउंड, पॉलिश, आणि वर वॅक्सचे दोन हात. पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा लावू नका.