‘सर्व अ ब आहेत’, म्हणून ‘काही अ ब आहेत’ निघतंच का?

हौद्याकाठी: बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांशी राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत वाजलं. क्लासवाले सांगतात, ‘सर्व’वरून ‘काही’ आपोआप निघतं. माझ्या मते निघत नाही. तालमीत पाटी लावली, ‘चपला घालून हौद्यात उतरणाऱ्या सर्वांना शंभर बैठका’. कुणीच तसं उतरत नाही, मग पाटी खोटी झाली? आणि ती खरी धरली तर चपलावाला पैलवान आणायचा कुठून? तर्कशास्त्रज्ञ व्हेनने १८८० मध्ये वर्तुळांच्या आकृत्या मांडल्या, त्यात ‘सर्व अ ब आहेत’साठी अ चा ब बाहेरचा भाग काळा करतात, म्हणजे तिथं कुणी नाही, बस्स. आतल्या भागात फुली मारायची, म्हणजे तिथं कुणीतरी आहे म्हणायचं, तर वेगळं विधान लागतं.

म्हैसवाला: पाटी हा नियम झाला, तो सोड. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एकजण म्हणाला, ‘माझ्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशी मुऱ्हा हैत’ आणि गोठ्यात शेणसुद्धा नाही, तर तो खरं बोलला? तत्त्वज्ञ स्ट्रॉसनने १९५२ मध्ये लिहिलंच आहे, ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच नसतील तर खऱ्या-खोट्याचा प्रश्नच उठत नाही.

हौद्याकाठी: फसवलं म्हण, खोटं नाही. त्याच्या ‘सगळ्या पंढरपुरी’सुद्धा आहेत, माझी हरकत नाही.

निवृत्त_मास्तर: हरकत नाही म्हणता, पण किंमत बघा. जुन्या पद्धतीत संवाक्याचे, म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढायच्या अनुमानाचे, २४ प्रकार वैध, तुमच्या वाचनात १५ उरतात. ‘सर्व म ब आहेत, सर्व म अ आहेत, म्हणून काही अ ब आहेत’ हा दाराप्ती नावाचा प्रकारसुद्धा गेला. ‘सर्व अ ब आहेत’ आणि ‘एकही अ ब नाही’ दोन्ही एकदम खरी होऊ शकतात. अशा चार विधानांचे आपसातले संबंध दाखवणाऱ्या विरोधाच्या चौकोनातले फक्त कर्ण शिल्लक, म्हणजे ‘सर्व आहेत’ विरुद्ध ‘काही नाहीत’ आणि ‘एकही नाही’ विरुद्ध ‘काही आहेत’. म मध्ये निदान एक आहे, असं जादा विधान दिलं की दाराप्ती परत मिळतो, हेही खरं. बँकेच्या पेपरात मात्र गट रिकामा नाही हे गृहीतच असतं. तिथं तत्त्वज्ञान काढू नका, मार्क जातील.

पीओ_होणारच: सर, आमची पोरं त्याच्या आधीच ‘काही’वर आपटतात. ‘काही पोरं पास झाली’ म्हटलं की घरचे विचारतात, नापास कोण? पेपरात मात्र ‘काही’ म्हणजे किमान एक, सगळे असले तरी चालतंय.

हौद्याकाठी: घरचे ऐकतात तो नुसता संकेत, तो मागे घेता येतो. ‘काही पास झाली, खरं तर सगळीच’ यात काही बिघडत नाही.

म्हैसवाला: मग तीच कसोटी तुझ्या ‘सर्व’ला लाव की भावा. ‘माझ्या सगळ्या म्हशी मुऱ्हा, खरं तर एकबी म्हैस नाही’, असं म्हणून बघ कट्ट्यावर.