जपानमधलं ओबासुते स्टेशन: लोकल मागे का जाते?

मुक्काम_नागोया
परवा नागोयाहून नागानोला 'शिनानो' एक्स्प्रेसने गेलो. मात्सुमोतो सोडल्यावर एक लांबलचक बोगदा लागला. बाहेर पडून थोडं पुढे जातो तर उजवीकडे अख्खं खोरं खाली पसरलेलं, मध्ये नदी, सगळे मोबाइल घेऊन खिडकीशी. तिथेच आमच्या रुळांपासून फुटलेल्या वेगळ्या रुळांवर एक छोटं स्टेशन दिसलं, लोकल उभी होती. आमची गाडी थांबलीच नाही. घरी येऊन व्हिडिओ शोधले, तर लोकल त्या स्टेशनातून चक्क मागे जात निघते! नाव ओबासुते.

आईबाबा सप्टेंबरात येताहेत. बाबा लोणावळ्याला रेल्वेत होते, त्यांना हे दाखवायचंच आहे. पण ही भानगड नक्की काय आहे? विजेच्या गाड्यांना असलं मागेपुढे कशाला लागतं? आणि उतरून बघण्यासारखं काही आहे, की नुसतं फोटोपुरतं?

घाटातला_बँकर
बाबा लोणावळ्याचे म्हणजे घरचेच. मी कर्जतला बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून जोर देणाऱ्या इंजिनावर, नोकरी काढली. लेक मात्सुमोतोला असते, त्यामुळे हे स्टेशन निवांत बघून झालंय. जावई म्हणतो, बाबांना किल्ला दाखवायला न्यावं तर हे पॉइंट, म्हणजे रूळ फुटतात ती जागा, बघत बसतात.

आधी चढ समजून घ्या. तिथे ग्रेड हजारी २५, म्हणजे आपल्या भाषेत १ इन ४०, चाळीस मीटर गेलं की एक मीटर वर. भोर घाट १ इन ३७, त्याहून जरासा कडकच. लाइनचा हा भाग उघडला १९०० साली, वाफेच्या जमान्यात. अशा चढावर भरलेली गाडी एकदा उभी केली की पुन्हा उचलताना इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून त्यांनी मेन लाइन तशीच चढती ठेवली आणि स्टेशन बाजूला, सपाट रुळांवर घेतलं. ते रूळ पुढे डेड एंडला संपतात. पॉइंटच्या दुसऱ्या अंगाला तसाच एक सपाट, रिकामा ट्रॅक, तोही डेड एंड.

आता गाडी कशी चालते ते बघा. नागानोहून चढत येणारी लोकल आधी त्या रिकाम्या ट्रॅकवर सरळ जाते, थांबते, मग मागे येत प्लॅटफॉर्मला लागते. सुटताना सरळ पुढे, मात्सुमोतोकडे. मात्सुमोतोहून उतरणारी मात्र थेट प्लॅटफॉर्मला येते आणि सुटताना मागे जाते. तुमच्या व्हिडिओतली ती ही. शिनानोला थांबायचंच नसतं, ती मेन लाइनने सरळ निघते. लाइन तिथे एकेरी आहे, त्यामुळे तुम्हाला दिसलेली लोकल तुमची गाडी जाईपर्यंत हलूच शकत नव्हती. क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायला, आजही हे स्टेशन कामाला येतं. १९७३ ला लाइनवर वीज आली, चढावरून गाडी उचलायचा प्रश्न मिटला, पण क्रॉसिंगला सपाट जागा तयारच होती. ती मोडून डोंगरात नवीन कोण खणणार? पुढे त्याच उतारावर कुवानोहारा म्हणून आणखी एक असंच ठिकाण आहे. तिथे प्लॅटफॉर्म नाही, फक्त गाड्या बाजूला घ्यायची सोय.

बाबांना एक फरक जरूर सांगा. आपल्या भोर घाटात १८६३ पासून रिव्हर्सिंग स्टेशन होतं, खंडाळ्याच्या अलीकडे. तिथे लाइनच उलटी वळायची, त्यामुळे मेल असो की मालगाडी, प्रत्येकीला थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. १९२९ ला नवीन मार्ग झाला आणि ते बंद पडलं. ओबासुतेला ज्याला थांबायचंय त्यानेच मागे जायचं, बाकीचे मोकळे. माझ्या मते म्हणूनच ते टिकलं. आपलं टिकणं शक्यच नव्हतं, एवढी वाहतूक त्यातून कशी काढणार?

तो तुमचा लांब बोगदा म्हणजे कामुरिकी, २,६५६ मीटर. वाफेच्या काळात चढत्या गाडीच्या ड्रायव्हर-फायरमनचे त्यात धुराने फार हाल व्हायचे. आमचे जुने लोक घाटातल्या बोगद्यांत ओला रुमाल तोंडाला बांधायचे, ते मला तिथे आठवलं.

स्टेशनची लाकडी इमारत १९३४ ची, नीट राखलेली. स्टाफ कोणी नाही. प्लॅटफॉर्म दोन, मध्ये पादचारी पूल. पुलावर उभे राहा, रुळांची सगळी मांडणी समोर दिसते. प्लॅटफॉर्मवर काही बाकं रुळांकडे पाठ करून खोऱ्याकडे तोंड करून ठेवलीत. बाबा त्या बाकावर बसणार नाहीत, पुलावरच राहतील, हे आत्ताच सांगतो.

तांदूळमोजणी
काकांनी रूळ सांगितले, मी खालचं सांगते. स्टेशन ५५१ मीटरवर आहे आणि त्याच्या खालच्या उतारावर भाताची सुमारे १,५०० छोटी छोटी खाचरं. १९९९ मध्ये सरकारने त्यांना निसर्गरम्य स्थळाचा दर्जा दिला. चंद्रासाठी ही जागा शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे, कवी बाशो १६८८ साली खास तेवढ्यासाठी आला होता. पण प्रत्येक खाचरात चंद्र बघायचा तर मे अखेर ते जूनमध्ये या, पाणी भरलेलं असतं. सप्टेंबरात भात पिकून पिवळं होतं, तेही वाईट नाही. चालत खाली चोराकुजी हे देऊळ आहे.

ओबासुते म्हणजे म्हातारीला टाकून देणं; या नावामागची दंतकथा आईबाबांना जरा जपून सांगा. बायकोच्या सांगण्यावरून एक जण सांभाळ केलेल्या मावशीला डोंगरावर सोडून येतो, चंद्र उगवतो, त्याला झोप लागत नाही, आणि तो तिला परत घेऊन येतो.

मुक्काम_नागोया
दोघांचेही आभार. आईचे गुडघे दुखतात. देवळापर्यंत जमेल का?

तांदूळमोजणी
जाताना उतार आहे, येताना तेवढंच चढायचंय. आईंना बाकावर बसवा आणि तुम्ही एकटे जाऊन या.

घाटातला_बँकर
आणि लोकलचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. साधारण तासाला एक गाडी असते, मधे मोठी गॅपही पडते. नागानोहून चढत ओबासुतेला या आणि नंतरच्या लोकलने पुढे मात्सुमोतोला जा. दोन्ही वेळा पुढच्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागे उभं राहायचं. बाबांना विचारायची गरज नाही, ते आपोआप तिथेच जातील.