मका बीजोत्पादन: शेजारचा मका दीडशे मीटरवर, पराग कसे रोखावेत?

नवा_बीजोत्पादक:
नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच संकरित मक्याचं बीजोत्पादन घेतोय. मादीच्या चार ओळी (शेंड्यावरचे नर फुलांचे तुरे काढून बी यांचंच घ्यायचं), नराच्या दोन (पराग यांचा). साधारण दीडशे मीटरवर शेजारी दाण्यासाठी मका लावणार आहेत आणि त्यांची पेरणी माझ्याच आठवड्यात येतेय. दोन्हीकडे दाणा पिवळाच. मक्याचे पराग जड असतात, लांब जात नाहीत, असं ऐकलंय. कडेने नराच्या जास्तीच्या ओळी लावल्या तर भागेल का?

ओळीतला_माणूस:
जड असतात हे खरं. बहुतेक पराग तुऱ्यापासून थोड्याच मीटरांत खाली बसतात. पण एकेका तुऱ्यातून लाखो कण सुटतात, त्यातले मोजके वाऱ्यावर गेले तरी शुद्धतेला धक्का लागतो. म्हणून तर प्रमाणित संकरित बियाण्याला 200 मीटरचं विलगीकरण, म्हणजे इतर मक्यापासून अंतर, मागतात, आणि दाण्याचा रंग वेगळा असेल तर 300.

पेरणी झालेली नाही ना? मग शेजाऱ्यांशी आजच बोला. दोन फुलोऱ्यांत तीन-चार आठवड्यांचं अंतर पडलं तर निम्मी काळजी मिटते. मात्र हिशेब पेरणीच्या तारखेवर करू नका. आधीची पेरणी थंडीत रखडते आणि मागची उन्हात येऊन तिला गाठते. तुमच्या मादीला स्त्रीकेसर (कणसाचे रेशमी धागे, पराग यांवरच पडतो) कधी येणार आणि त्यांचा तुरा कधी झडणार, हे दोनच दिवस धरा.

कडेच्या नर ओळी जरूर लावा, पण नराचा पराग नेमका केसर येताना पडत असेल तरच त्यांचा उपयोग. केसर आठवडाभर तरी पराग घ्यायला तयार असतं. आपला नर मागे राहिला तर ते येईल तो पराग घेणार. म्हणून नराची पेरणी दोन टप्प्यांत करणं मला नेहमीच पटतं.

आणि खरी धास्ती बाहेरच्या मक्याची नाही, आपल्याच मादीच्या तुऱ्याची! शेजारचा मका दीडशे मीटरवर आहे, मादीचा चुकलेला तुरा केसरापासून हातभर. तुरा पोग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून) पुरता वर आला की एका हाताने खालचं खोड धरा आणि दुसऱ्याने तुरा सरळ वर ओढा. अर्धवट तुटला तर खाली राहिलेल्या फांद्याही पराग सोडतात, त्यामुळे तुटलेलं टोक पाहिल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जाऊ नका. सोबत एखाददुसरं पान आलं तर चालतं, तीन-चार गेली की दाणा भरायला कमी पडतो. उपटलेला तुरा पानांत अडकू देऊ नका, जमिनीवर टाका. पाऊस असो वा सुट्टी, फेरी रोज. फुटव्यांचे तुरे गुडघ्याएवढ्या उंचीवर पानांआड लपतात, ते वाकूनच दिसतात. मागाहून उगवलेली बुटकी झाडंही तशीच. केसर आल्यावर तपासणीत पराग टाकणारे मादीचे तुरे एक टक्क्यावर गेले की प्लॉट अडचणीत येतो.

रानवारा:
दादा, नरवंध्य (तुऱ्यातून पराग न देणारी) मादी घेतली तर तुरे काढायचं कामच उरत नाही ना?

ओळीतला_माणूस:
बरंच कमी होतं, संपत नाही. काही झाडांत पराग परत येतो, त्यामुळे ओळींतून फिरावंच लागतं. शिवाय सगळ्यांनी एकाच प्रकारच्या नरवंध्यतेवर विसंबणं धोक्याचं. 1970 मध्ये अमेरिकेत टी-सायटोप्लाझम या नरवंध्यतेच्या एकाच प्रकारावर उभा असलेला मका करपा रोगाने मोठ्या प्रमाणावर गेला, त्यानंतर तिथे पुन्हा तुरे काढण्याकडेच लोक वळले.

नवा_बीजोत्पादक:
खूप आभार. पिवळ्यावर पिवळ्याचाच पराग पडला तर कणसात ओळखू येईल का?

ओळीतला_माणूस:
नाही. मादी पांढरी असती तर त्याच हंगामात कणसात पिवळे दाणे दिसले असते, कारण पिवळा रंग प्रभावी आहे. तुमच्याकडे भेसळ कळेल ती बी पेरून झाडं वाढवल्यावर किंवा डीएनए तपासणीत, म्हणजे उशिरा. परागीभवन आटोपलं की नराच्या ओळी कापून बाहेर काढा, कापणीत कणसं मिसळण्याचा प्रश्नच राहणार नाही.

नवा_बीजोत्पादक:
शेजारी पेरणी पुढे न्यायला तयार झालेत! त्यांचा वाण मात्र लवकर येणारा आहे.

ओळीतला_माणूस:
मग नुसतं तीन आठवड्यांनी मागे जाऊन पुरणार नाही. तुमच्या मादीच्या मानाने तो जितके दिवस आधी फुलतो, तितके दिवस त्यात आणखी मिळवा. आणि मागच्या पिकाचा सांडलेला मका दोन्ही रानांत उगवला असेल, तो आत्ताच उपटून घ्या.