फिलिस व्हीटली आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य : नातं नेमकं कुठे दिसतं?

पुस्तककिडा
आफ्रिकेतून अमेरिकेत आणल्याबद्दलच्या आठ ओळींच्या कवितेत व्हीटली, अठराव्या शतकातली बॉस्टनमधली गुलाम कवयित्री, चक्क देवाची कृपा मानते. मग तिला राष्ट्राच्या उभारणीतला आवाज का म्हणतात? सुरुवात कुठून करू?

जुनं_टंक
त्या आठ ओळींपासून सुरुवात केली की गडबड होतेच. आधी लॉर्ड डार्टमथला उद्देशून लिहिलेली कविता घ्या. १७७२ मध्ये तो ब्रिटिश सरकारात अमेरिकी वसाहतींचा मंत्री झाला, तेव्हाची. दुसऱ्या कडव्यात जुलमी सत्तेची लोखंडी साखळी येते. ही तेव्हाच्या बॉस्टनची रोजची भाषा : ब्रिटनने कर लादला की ‘आम्हाला गुलाम केलं’! तिसऱ्या कडव्यात ती एकदम ‘मी’वर येते : मला लहानपणी पळवून आणलं, बापाच्या काळजाचं काय झालं असेल? रूपक म्हणून वापरलेली गुलामगिरी तिथे खरीखुरी होते. ‘मी’ कुठे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा, मग पुढे वाचा.

आता त्या आठ ओळी. सातवीत ‘ख्रिश्चन’ आणि ‘निग्रो’ हे शब्द स्वल्पविरामाने शेजारी बसवलेत. बायबलमधल्या पापी केनसारखे काळे कोण, फक्त दुसरे की दोघेही? विरामचिन्हं बदललेली आवृत्ती हाती आली तर ही गंमतच जाते. तिच्या कवितासंग्रहाची १७७३ ची लंडनची छपाई पाहा.

तळटीप
त्याच पुस्तकात सुरुवातीला बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांचा दाखला आहे, कविता हिच्याच आहेत असा. सह्यांत ब्रिटिश राजाचा गव्हर्नर हचिन्सन आणि पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन हॅनकॉक, दोघेही! मात्र सगळ्यांनी तिला समोर बसवून परीक्षा घेतली, हे दृश्य बेतानेच घ्या. तशा बैठकीची नोंद नाही.

पुस्तककिडा
आणि सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला पाठवलेली कविता?

जुनं_टंक
ऑक्टोबर १७७५ ची. त्यात ‘कोलंबिया’, म्हणजे अमेरिका, देवीच्या रूपात येते. फेब्रुवारी १७७६ मध्ये त्याने आभाराचं उत्तर पाठवलं, एप्रिलमध्ये कविता थॉमस पेन संपादक असलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया मॅगझिन’मध्ये आली. पण ही एकटी वाचलीत तर नुसती स्तुती वाटेल. मूलनिवासी धर्मोपदेशक सॅमसन ऑकमला लिहिलेलं फेब्रुवारी १७७४ चं पत्र शेजारी ठेवा. तेव्हा ती नुकतीच मुक्त झाली होती. स्वातंत्र्याची ओढ देवानेच प्रत्येकाच्या मनात घातली आहे, असं म्हणून ती स्वातंत्र्याच्या घोषणा देत दुसऱ्यांना दडपणाऱ्यांच्या वागण्यातली विसंगती दाखवते. पत्र तेव्हाच वर्तमानपत्रांत छापलं गेलं, म्हणजे बोलणं चारचौघांतलंच होतं.

तळटीप
१७७९ मध्ये तिने दुसऱ्या पुस्तकासाठी वर्गणीदार मागितले. पुरेसे मिळाले नाहीत, पुस्तक निघालंच नाही. १७८४ मध्ये ती गेली.