मदत हवी आहे: जुनं टॉप-लोड वॉशिंग मशीन – बेल्टवालं, डायरेक्ट ड्राइव्ह की मेटॅग?

गोधडीवाली:

नमस्कार मंडळी. मुक्काम ओहायो, कोलंबसजवळ. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत आणि आमच्या नव्या मशीनशी त्यांचं अजिबात जमत नाहीये. कंपनीचं नाव लिहीत नाही, पाणी वाचवणाऱ्या सगळ्याच मशिनींची तीच तऱ्हा असावी. आधी कपडे वजन केल्यासारखे गोल फिरवतं, मग चार थेंब शिंपडतं, आणि झाकणाला कुलूप. आत काय चाललंय ते दिसतही नाही. त्यांची नऊवारी बाहेर येते तेव्हा घड्यांच्या आत साबणाचे पांढरे पट्टे असतात. गोधडी तर मध्ये कोरडीच निघाली. "यापेक्षा दगडावर आपटलेली बरी," असा निकाल लागला आहे.

तळघरात नळ आणि ड्रेन दोन्ही आहेत, म्हणून तिथे एखादं जुनं, टब भरून पाणी घेणारं मशीन बसवायचं ठरवलंय. ऑनलाइन मार्केटप्लेसवर घराजवळ तीन मिळताहेत. सत्तरच्या दशकातलं केनमोर, बेल्टवालं. नव्वदच्या दशकातलं व्हर्लपूल, विकणारा म्हणतो यात बेल्टच नाही. आणि ऐंशीच्या दशकातलं मेटॅग, जे एक आजोबा फुकट देताहेत, फक्त तळघरातून उचलून न्यायचं.

तिन्ही चालू आहेत म्हणे. आतून यांच्यात नेमका काय फरक आहे? बेल्ट काढून टाकला तो सुधारणा म्हणून की पैसे वाचवायला? बघायला जाताना काय तपासू? आणि मुख्य म्हणजे, नऊवारी टबच्या मधल्या, कपडे घुसळणाऱ्या खांबाला गुंडाळली जाईल का?

पुलीवाले_काका:

ताई, हा माझा आवडता विषय, तेव्हा थोडं लांबेल.

केनमोरच्या मॉडेल नंबरची सुरुवात 110 ने होते का बघा. होत असेल तर ते व्हर्लपूलनेच सिअर्ससाठी बनवलेलं आहे (केनमोर हा सिअर्स दुकानांचा ब्रँड). म्हणजे तुमची पहिली दोन मशिनं एकाच घरातली, फक्त पिढी वेगळी.

जुन्या पिढीत मोटर एकाच दिशेने फिरत राहते. घुसळायचं की पिळायचं हे ठरवतात गिअरबॉक्सवर बसवलेले दोन विद्युतचुंबक. इकडचे मेकॅनिक त्या जोडीला 'विगवॅग' म्हणतात, कारण मशीन चालू असेपर्यंत ती डावीकडे-उजवीकडे झुलत असते. एक चालू झाला की घुसळणं, दुसरा चालू झाला की पिळणं. प्रत्येक बदलाला खालून 'खट्ट' आवाज येतो, तो बिघाड नव्हे. पण सतत झुलून तिच्या वायरी वाकतात आणि एक दिवस तुटतात. मशीन पाणी भरतं, मोटर गुणगुणते आणि खांब हलत नाही, असं झालं तर आधी त्या वायरी बघायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्लपूलने हे सगळं काढून टाकलं. बेल्ट नाही, विगवॅग नाही. मोटर थेट गिअरबॉक्सला जोडलेली, हेच डायरेक्ट ड्राइव्ह. ती एका दिशेला फिरली की घुसळणं, उलटी फिरली की पिळणं. पंप मोटरच्या दुसऱ्या टोकाला दोन क्लिपांनी अडकवलेला. पैसे वाचवायला केलं का? हो, भाग कमी झाले म्हणजे खर्चही कमी झाला. पण दुरुस्तीचा विचारही त्यात आहे. वरच्या पॅनेलचे दोन स्क्रू काढून ते मागे उलटायचं, झाकणाच्या स्विचचा प्लग काढायचा, दोन पितळी रंगाच्या क्लिपा स्क्रूड्रायव्हरने उचकटायच्या, की पुढचा आणि बाजूचा पत्रा एका तुकड्यात पुढे झुकून हातात येतो. आतलं सगळं उघडं समोर. जुन्या बेल्टवाल्यात हेच काम मशीन आडवं करून, पोटावर झोपून करावं लागतं.

मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक कपलर असतो, दोन्हीकडे प्लास्टिकचे तीन-तीन दांडे आणि मध्ये रबराची चकती. मशीन दाबून भरलं की तो मोडतो आणि गिअरबॉक्स वाचतो. लोक याला 'कमकुवत डिझाइन' म्हणतात. मी म्हणेन मुद्दाम ठेवलेला फ्यूज आहे. काही डॉलरात मिळतो आणि घरी बदलता येतो.

अनुराधा_जे:

काका, मेटॅग राहिलं! आमच्या घरमालकिणीकडे होतं, नातवंडं मोठी झाली तरी चालू होतं. जाहिरातीतला तो बेकार बसलेला मेकॅनिक 1967 पासून उगाच नाही दाखवायचे.

पुलीवाले_काका:

मेटॅग तिघांत सर्वात दणकट, यात वाद नाही. त्यातही मोटर दिशा बदलते, पण बेल्ट आहेत: एक गिअरबॉक्सला, एक पंपाला. मोटर स्प्रिंगवर सरकणाऱ्या पाटीवर बसवलेली असते, त्यामुळे बेल्टचा ताण आपोआप राहतो. पिळायला सुरुवात होताना बेल्ट थोडा घसरतो आणि टब हळूहळू वेग घेतो. वेगळ्या क्लचची गरजच ठेवलेली नाही. मला विचाराल तर तिन्हींत हुशार डिझाइन हेच.

अडचण पुढची आहे. व्हर्लपूलने 2006 मध्ये मेटॅग विकत घेतली आणि 2007 मध्ये आयोवातल्या न्यूटनचा कारखाना बंद झाला. बेल्ट मिळतील, पण गिअरबॉक्स किंवा टबचं सील गेलं तर दुसरं जुनं मशीन शोधून त्यातून काढावं लागेल. ज्याला छंद आहे त्याने जरूर घ्यावं.

तुम्हाला कपडे धुवायचे आहेत. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या.

निळू_पाटील:

पाण्याचा विचार कोणी करतंय का? जुनं टॉप-लोड एका पूर्ण धुण्याला 40 गॅलनच्या आसपास पाणी घेतं, म्हणजे दीडशे लिटर. चांगलं फ्रंट-लोड घ्या, निम्म्याहून कमी पाण्यात गोधडी धुतं.

गोधडीवाली:

निळूभाऊ, मान्य आहे. रोजचे कपडे नव्यातच धुणार. तळघरातलं फक्त गोधड्या, चादरी आणि सासूबाईंसाठी. काका, नऊवारीचं राहिलं.

पुलीवाले_काका:

तिथे खांब कोणता हे महत्त्वाचं. साध्या खांबाला खालपासून वरपर्यंत सलग पाती असतात आणि सगळा खांब मागे-पुढे हलतो. दुसरा प्रकार दोन तुकड्यांचा: खालचा भाग मागे-पुढे, वरचा स्क्रूसारखा एकाच दिशेने फिरून कपडे खाली ओढतो. चादरी-टॉवेलला हा उत्तम. पण नऊ वार कापडाचं एक टोक सापडलं की तो दोरखंड वळल्यासारखी साडी वळतो.

म्हणून साडी जाळीच्या पिशवीत घाला किंवा सैल चुण्या करून टबच्या कडेने सोडा, खांबाभोवती कधीही गुंडाळू नका. पाणी 'लार्ज'वर, वेग 'जेंटल'. कापड तरंगलं पाहिजे. गोधडी एका वेळी एकच, खांबाभोवती सारखी कडं करून. नाहीतर पिळताना मशीन तळघरभर चालत सुटेल.

बघायला जाल तेव्हा मशीन बंद असताना खांबाचा वरचा भाग हाताने फिरवा. एका दिशेला कटकट करत मोकळा फिरावा, उलट दिशेला अडावा. दोन्हीकडे मोकळा फिरला तर आतले चार प्लास्टिकचे खटके झिजलेत. स्वस्तात मिळतात, पण किंमत पाडायला उपयोगी! मग टॉर्च घेऊन मशीनखाली बघा. तेलाचे थेंब दिसले तर परत फिरा. शेवटी पाणी भरून पूर्ण फेरी चालवायला सांगा, रिकामी नको. पिळताना विमान उठल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलेत.

कोथरूडकर_सॅम:

जरा अवांतर. मी पुढच्या वर्षी पुण्याला कायमचा परततोय. आमचं असंच डायरेक्ट ड्राइव्ह कंटेनरमध्ये टाकून, ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का?

पुलीवाले_काका:

ट्रान्सफॉर्मर तिकडच्या 230 चे इकडचे 120 व्होल्ट करेल, पण 50 हर्ट्‌झचे 60 नाही करणार. मोटर सहा भागांतले पाचच भाग वेगाने फिरेल आणि जास्त तापेल. टायमरची मोटरही तेवढीच मंद, म्हणजे तासाचा कार्यक्रम बहात्तर मिनिटांचा. इथेच विका.

गोधडीवाली:

आज व्हर्लपूल बघून आले. खटके झिजलेलेच निघाले, वरचा भाग दोन्हीकडे गरगर. खाली तेल नाही, पिळताना आवाज साधाच. विकणाऱ्याने वीस डॉलर कमी केले. शनिवारी आणतोय.

आता नवा प्रश्न: तळघरात ड्रेन म्हटलं तरी वेगळा पाइप नाही, सिमेंटचं जुनं सिंक आहे. होज त्यातच सोडायचा का? पाणी ज्या जोराने येईल त्याने सिंक तुंबेल अशी भीती वाटतेय.

अनुराधा_जे:

सिंकमध्येच सोडा, आमचंही तसंच होतं. होजच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधा, कपड्यांची लव त्यात अडकते. ती भरली की बदलायची, नाहीतर सिंकच्या भोकात लव बसते आणि पाणी जमिनीवर येतं. आणि होज सिंकच्या कडेला नीट बांधा, पाणी सुटलं की उडी मारतो.